टोप्यांचं पोतं

"डोळे झाक तिचे," प्रणोतीताई म्हणाली. "उजेड दिसला की घाबरतात त्या."

मी ओलं फडकं तांबोशीच्या डोळ्यांवर टाकलं आणि दोन्ही हातांनी तिला पाटावर दाबून धरलं. माशाला असं धरलेलं कुणी पाहिलंय? आमच्या करंजतर गावात मासा धरतात तो विकायला नाहीतर चिरायला. ताईनं पट्टी लावून तिची लांबी मोजली, मग हातातलं यंत्र उचललं. कपड्यांच्या दुकानात किमतीची लेबलं अडकवायला पिस्तुलासारखं काहीतरी असतं ना, हुबेहूब तसं. खट्ट. तांबोशीच्या पाठीवरच्या पराशेजारी पिवळ्या प्लॅस्टिकची बारीक काडी उभी राहिली. तिच्यावर एक नंबर आणि ताईचा फोन.

"सोड आता. हळूच, तोंड प्रवाहाकडे करून."

मी धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर बसून तिला पाण्यात धरलं. क्षणभर ती हातातच राहिली, आणि मग गेली.

"जा बाई, लवकर कुणाच्या तरी जाळ्यात जा," मी म्हणाले.

ताई हसली. "काय आशीर्वाद देऊन राहिली गं तिला."

वरच्या पायरीवर शेवंतीआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, रिकामी पाटी घेऊन उभी होती. तिनं पाटी खाली ठेवली, खाडीकडे बघून हात जोडले आणि तोंड फिरवलं.

"आत्या, काय झालं गं?"

"काय नाय. मी काय बघितलं नाय," असं म्हणून ती निघूनसुद्धा गेली. मला वाटलं, ताईचं पँट घालून माशांत हात घालणं तिला आवडत नसेल.

तेव्हा मी सहावीत होते. आता दहावीत आहे, वर्गात सगळ्यात जास्त बोलते आणि तरीही गणितात पहिली येते, त्यामुळे बाईंना मला ओरडताही येत नाही. पण तेव्हाची मी वेगळी होते. तेव्हा मी फक्त वाट बघायचे.

आई मस्कतला गेली तेव्हा मी पहिलीत होते. तिथं एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायचं काम तिला मिळालं होतं. दर शुक्रवारी फोन यायचा. "या गणपतीला नाही जमत गं दुर्वा, पुढल्या नक्की," असं तिनं म्हटलं की मी "बरं" म्हणायचे. बाबा होडी घेऊन खाडीत जायचे, आत्या मासे विकायची, आणि माजघराच्या कोपऱ्यात आईची पत्र्याची ट्रंक भिंतीला टेकून असायची.

दिवाळीनंतर त्याच ट्रंकेशेजारी प्रणोतीताईची गादी पडली. ती वर्ध्याची. पंचवीसेक वर्षांची होईपर्यंत तिनं समुद्र पाहिलेला नव्हता आणि नोकरी मात्र मासे मोजायची. सरकारी नव्हे, कुठल्याशा संस्थेची. आमच्या खाडीत तांबोशा किती आहेत आणि बऱ्या आहेत का, हे तिला शोधायचं होतं. मोठ्या समुद्रातल्या तांबोशा लहानपणी खाडीत वाढतात, म्हणून खाडीतला हिशेब महत्त्वाचा, असं ती सांगायची.

"पण मोजणार कशा?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. "त्या काय रांगेत उभ्या राहणार आहेत का?"

त्यावर तिनं आत्याचा चिंचोक्यांचा डबा मागून घेतला. मूठभर चिंचोके बाहेर काढले आणि मी जत्रेत घेतलेल्या लाल नेलपॉलिशनं ते रंगवले. अख्खी बाटली संपली. वाळल्यावर ते परत डब्यात टाकून तिनं डबा खळखळ हलवला.

"आता न बघता मूठ भर. लाल किती आले?"

"एकच."

"म्हणजे डबा मोठा आहे. रंगवलेले बाकीच्यांत हरवून गेले. आता हे बघ." तिनं निम्म्याहून जास्त साधे चिंचोके काढून टाकले. "आता भर."

या वेळी मूठ लालच लाल निघाली.

"म्हणजे डबा छोटा. कळलं? पाण्यात बघायची गरजच नाही. खूण करून सोडायचं, आणि खुणेचे किती परत येतात ते बघायचं."

मला कळलं. म्हणजे मला वाटलं की कळलं. मी त्यातलं एकच ऐकलं होतं: परत येतात.

कारण ताईनं दुसरंही सांगितलं होतं. त्या पिवळ्या काड्या, म्हणजे टॅग, परत आले तर काम पुढं चालणार, आणि ती इथंच राहणार. नाही आले तर उन्हाळ्यात बंद. ती माझी वेणी घालायची, दोन पेडांची आणि घट्ट. आत्या घालायची ती शाळेत पोचेपर्यंत सुटायची. ताई रात्री झोपताना मला वर्ध्याच्या संत्र्यांच्या गोष्टी सांगायची आणि मध्येच घोरायला लागायची. मी ट्रंकेकडं पाठ करून तिच्याकडं तोंड करून झोपायला लागले होते. तेव्हा मला टॅग यायला हवेच होते.

टॅग आणून देणाऱ्याला बक्षीस म्हणून टोपी होती. निळी, पुढं पांढरा मासा काढलेली. अशा टोप्यांचं एक गच्च पोतं आमच्या पडवीत येऊन पडलं. ताईनं शाळेच्या मैदानावर सभा घेतली. गावातले सगळे मासेमार खारवी आले, चहा प्याले, टॅग हातात घेऊन बघितले, एकमेकांकडं बघितलं आणि घरी गेले.

त्यानंतर शांतता.

ताई रोज धक्क्यावर उभी राहायची. होड्या लागल्या की आलेली प्रत्येक तांबोशी मोजायची, पट्टी लावायची. "दत्तूकाका, टॅगवाली दिसली का एखादी?"

"नाय बा," दत्तूकाका जाळं झटकत म्हणायचे. मग जाता जाता थांबायचे. "येईल गो बाय. मन घट्ट ठेव."

सगळे असंच करायचे. टॅग कुणी देत नव्हतं, पण आमच्या पडवीत शहाळी यायला लागली. कुणी कोकमं आणून ठेवली. दत्तूकाकांच्या बायकोनं तर ताईच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळ्याला पदर लावला.

"किती चांगली माणसं आहेत," ताई म्हणाली. "माझ्या टॅगची मलाही नसेल एवढी काळजी आहे त्यांना."

शिमगा आठवड्यावर आला तेव्हा तिच्या सरांचा फोन आला. ती पडवीत उभी राहून नुसतं "हो सर, हो सर" म्हणत होती. फोन ठेवल्यावर पोत्यावर बसली.

"काय म्हणाले?"

"शून्यानं भागता येत नाही म्हणाले. परत आलेले टॅग शून्य, म्हणजे उत्तरच नाही. एकतर माझे टॅग गळून पडतात, नाहीतर माझे मासे मरतात, नाहीतर मला काम येत नाही." ती पायानं जमीन उकरत होती. "शिमगा झाला की सामान आवर म्हणाले."

त्या रविवारी मी बाबांच्या मागं लागून होडीत गेले. मनात होतं, मीच टॅग शोधते. बाबा फार बोलत नाहीत. वल्ह्याचा आवाज आणि मी, एवढंच.

जाळं ओढायला घेतलं. थोडे बोय आले, एक शेंगाळा आला, आणि मग तांब्याच्या रंगाची चांगली वीतभर तांबोशी. पाठीवर पिवळी काडी.

"बाबा," मी ओरडलेच, "टॅग!"

बाबांनी बोट ओठांवर ठेवलं. अगदी अलगद तिला जाळ्यातून मोकळं केलं, दोन्ही तळहातांवर घेतलं आणि पाण्यात ठेवलं. ती गेली. बाबांनी हात जोडले.

मी रडायला लागले. "तुम्ही मुद्दाम सोडलीत. ताई जाणार आहे, माहीत आहे ना तुम्हाला? एक टॅग दिला असता तर..."

बाबांनी पुन्हा बोट ओठांवर ठेवलं आणि होडी फिरवली. तसे जोडलेले हात मी आधी कुठंतरी पाहिले होते. धक्क्यावर, आत्याचे. आणि त्याच्याही आधी.

आई गेली त्या दिवशी आत्यानं मला खाडीच्या देवीच्या, खाडजाईच्या, घुमटीशी नेलं होतं. बादलीत एक जिवंत तांबोशी होती. आत्यानं हळदीत भिजवलेला दोरा तिच्या शेपटीशी बांधला, माझ्या हातानं तिला खाडीत सोडलं आणि मला हात जोडायला लावले. आमच्याकडं माणूस लांब गेलं की असं करतात. तो मासा हिंडतो तोवर गेलेल्याची वाट मोकळी राहते. दुसऱ्या कुणाच्या जाळ्यात आला तर त्यानं तो सोडायचा, आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बोललं की वाट मोडते. आणि ज्याच्या घरचा मासा खाडीत आहे, त्यानं तर मुळीच बोलायचं नाही.

पिवळा दोरा. पिवळी काडी.

किनाऱ्याला लागल्यावर मी विचारलं, "बाबा, सगळेच सोडतात?"

बाबा होडी वर ओढत होते. त्यांनी ती वाळूत टेकवली. मग म्हणाले, "एवढे सोडलेत तिनं. केवढं माणूस गेलं असेल तिचं. टोपीसाठी कोण मोडणार ते?"

मी पळतच घरी आले. आत्या ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. माझा चेहरा बघून तिला सगळं कळलं.

"दिसली तुला," ती म्हणाली.

"आत्या, ते नवसाचे मासे नाहीत. ताईला फक्त मोजायचेत. मी सांगते तिला."

"तू नाय सांगायचंस." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "तुजा मासा खाडीत हाय. तुजी आयस यायचीय ना परत?"

मी दारातच थांबले. आत ताई पिशवी भरत होती. तिची पट्टी, ते पिस्तुलासारखं यंत्र, टॅगचं उरलेलं पाकीट. शेजारी ट्रंक होती. मी पुष्कळ वेळ तशीच उभी राहिले असेन, कारण आत्याची कोलंबी सोलून संपली. आई पाच वर्षं पुढल्या गणपतीला येत होती. ताई आठवड्याभरात जाणार होती.

"ताई," मी म्हणाले, "ते तुझे मासे सोडून देतात."

आणि मग थांबताच येईना. दोरा, हळद, घुमटी, बादली, सगळं बोलून गेले. आईच्या माशाचंही बोलले. आत्यानं बाहेर कोलंबीच्या डोक्यांचं सूप जोरात आपटलेलं मला ऐकू आलं.

ताई हातात पाकीट धरून बसून राहिली. "म्हणजे त्यांना वाटलं, मी कुणासाठी तरी सोडतेय?"

"हो. खूप लांब गेलंय कुणीतरी तुझं. म्हणून तर शहाळी."

मला वाटलं ती हसेल. तिनं हसायला सुरुवात केलीही, पण ते पुरं झालं नाही.

"कोणी नाही गं," ती म्हणाली. "लांब आलेली मीच आहे. माझी आई काय सोडणार? वर्ध्यात खाडी कुठून आणणार ती?"

दारात आत्या उभी होती. ओल्या हातांनी पदर खोचत म्हणाली, "बोललीस ना आता? मग अर्धवट नको. चल गो वर्धेवाली, पायांत चपला घाल."

तिनं ताईला हाताला धरून घुमटीकडं नेलं. संध्याकाळी सगळ्या होड्या आल्यावर तिथंच उभी राहून तिनं दत्तूकाकांसकट सगळ्यांना सांगितलं, "ह्या पोरीचं कोण गेलेलं नाय. पिवळी काडी ती हिची मोजायची खूण. दोरा तो आपला. दोरा दिसला तर सोडा, काडी दिसली तर हिच्याकडं आणा. आणि मी बोललेय, काय व्हायचं ते माज्या डोक्यावर."

दत्तूकाका ताईकडं बघत होते. "कोणच नाय गेलेलं?"

"नाही काका."

"आणि मी तीन शहाळी दिली तुला," दत्तूकाका म्हणाले आणि सगळे हसले.

दुसऱ्या दिवशीपासून टोप्या सुरू झाल्या. पहिली दत्तूकाकांनी नेली आणि ती घालूनच ते शिमग्याच्या पालखीत नाचले. मग दोन गेल्या, मग पाच. कुणी टॅग आणायचं, कुणी अख्खी तांबोशी. धक्क्यावर बघावं तिकडं निळी टोपी. शाळेत पोरं टोप्या घालून यायला लागली, गुरुजींनी त्या जप्त केल्या आणि एक स्वतः वापरायला काढली. दर टोपीमागं मी पडवीत एक उडी मारायचे. पोतं खाली खाली बसत चाललं होतं, म्हणजे ताई राहणार होती.

ताई मात्र गप्प होत चालली. पहिल्या टोपीला तिनं मला उचलून गरकन फिरवलं होतं. आता टॅग आला की ती नंबर बघायची, माशाला पट्टी लावायची आणि लॅपटॉपशी जाऊन बसायची.

एका दुपारी मी आणखी दोन टॅग नाचवत आले. "ताई, पोतं अर्धं झालं."

तिनं चिंचोक्यांचा डबा माझ्यापुढं ठेवला. त्यात मूठ दोन मूठच चिंचोके ठेवले होते, लाल सगळे तसेच.

"भर मूठ."

मी भरली. उघडली. माझ्या हातात जवळजवळ सगळे लाल होते.

"डबा छोटा आहे, दुर्वा," ती म्हणाली. "फार छोटा. आणि जेवढ्या आल्या त्या सगळ्या लहान. समुद्रात अंडी घालायला जाण्याएवढी मोठी एक नाही. मोठ्या व्हायच्या आधीच सगळ्या बारीक आसाच्या, बारीक भोकांच्या जाळ्यात निघून जातात."

मी हातातल्या लाल चिंचोक्यांकडं बघत बसले. मला तोवर हे सुचलंच नव्हतं. दर टोपीला मी उडी मारत होते, आणि दर टोपीला ताईची खाडी लहान होत होती.

"पण टॅग आले ना. मग तू राहणार ना?"

ती माझ्या वेणीच्या टोकाशी खेळत राहिली. "सरांचा फोन आला होता. उत्तर मिळालं म्हणाले. एवढं साफ उत्तर कुठल्याच खाडीत मिळालं नव्हतं. आता इथं मोजायचं काही उरलं नाही. मला पुढच्या खाडीवर जायचंय, पार खाली दक्षिणेला."

शून्य टॅग आले असते तरी ती गेली असती. आले म्हणूनही ती गेली. मी खूप भांडले. तिच्याशी, आत्याशी, त्या पोत्याशी. पोत्याला लाथ मारली तर उरलेल्या टोप्या अंगणभर पसरल्या आणि त्या मलाच गोळा कराव्या लागल्या.

त्या शुक्रवारी आईचा फोन आला. म्हाताऱ्या बाईची तब्येत जास्तच बिघडली होती आणि घरच्यांनी आईला आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं. "तू शहाणी आहेस ना?" आई म्हणाली. मी "हो" म्हणाले. फोन ठेवल्यावर आत्यानं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि चुलीकडं वळली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

जायच्या दिवशी ताई सकाळीच धक्क्यावर बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, "माझ्या बोलण्यानं मोडली का गं आईची वाट?"

ताईनं लगेच "नाही" म्हटलं नाही. म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास आहे.

"मला वाटेचं माहीत नाही," ती म्हणाली. "माझ्या कामातलं सांगते. खुणेचा मासा परत आला नाही ना, तर आम्ही तो मेला असं धरत नाही. आम्हाला विसरला असंही धरत नाही. पाणी मोठं आहे, एवढंच धरतो."

आत्या बादली घेऊन पायऱ्या उतरली. बादलीत एक लहानशी तांबोशी होती. तिनं कनवटीचा हळदीचा दोरा काढून माझ्या हातात दिला.

"बांध. हिच्या आयशीकडं खाडी नाय ना."

मी बांधला. ताईनं तांबोशीच्या डोळ्यांवर ओलं फडकं धरलं. मी तिला प्रवाहाकडं तोंड करून पाण्यात ठेवलं. या वेळी मी काही म्हणाले नाही. आम्ही तिघींनी हात जोडले, आणि मग एसटीची वेळ झाली.

ताईच्या अहवालावरून गावात पुष्कळ भांडणं झाली, पण शेवटी दोन वर्षं बारीक आसाची जाळी खाडीत टाकायची नाहीत असं ठरलं. बाबांनी आमचं जाळं माळ्यावर टाकलं. ते दिवस ओढाताणीचे होते. आता तांबोशा मोठ्या येतात. पिवळी काडी मात्र गेल्या वर्षात एकदाही आली नाही. दत्तूकाकांची टोपी उन्हानं पांढरी पडलीय. पांढऱ्यावर पांढरा मासा आता दिसतसुद्धा नाही. ताईचा फोन येतो, दिवाळीला आणि माझ्या निकालाच्या दिवशी. आईचा फोन शुक्रवारचा होता तो महिन्यावर गेला, आता सणावारी येतो. गणपतीबद्दल ती काही म्हणत नाही, मीही विचारत नाही.

आत्या म्हणते, तू हे सगळं लिहून काढतेस म्हणजे पुन्हा बोललीसच. मी म्हटलं, लिहिणं बोलण्यात धरतात का ते खाडजाईला विचारून ये. ती अजून विचारायला गेलेली नाही.

चिंचोक्यांचा डबा माझ्याकडं आहे. दर वर्षी चिंचा फोडल्या की नवे चिंचोके मी त्यात टाकते. आधी डबा भरला, मग पत्र्याचा मोठा डबा घेतला, आता आईच्या ट्रंकेतच ओतलेत. कोपरापर्यंत हात जातो. लाल त्यातच आहेत कुठंतरी, सगळे, मी एकही काढलेला नाही.

काल शुक्रवार होता. संध्याकाळी फोन वाजला नाही. मी ट्रंक उघडली, डोळे मिटून खोलवर मूठ भरली आणि उजेडात आणून उघडली.

लाल एकही नव्हता. मी मूठ परत सोडली आणि दोन्ही हातांनी सगळे चिंचोके पुन्हा ढवळले.